शांत समुद्रकाठचं जपानी शहर सुचवा (सोबत आई, शाकाहारी, घाई नाही)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

मेच्या मध्यावर आईला घेऊन जपानला निघालेय. ओसाका, क्योतो आणि हिरोशिमा पक्कं आहे. मधल्या दोन-तीन रात्री मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात. त्या एखाद्या लहानशा समुद्रकाठच्या शहरात काढायच्या आहेत. रांगा नकोत, यादी घेऊन पळापळ नको. सकाळी उठून पाण्याकडे बघत चहा प्यायचा, एखादं देऊळ बघायचं, दुपारी पडायचं, एवढीच अपेक्षा आहे.

अडचणी दोन. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालेल, पण पायऱ्या म्हटलं की बसते. दुसरं म्हणजे आम्ही दोघी शाकाहारी, आणि आई अंडंही खात नाही.

हिरोशिमाच्या अलीकडच्या ओनोमिची या बंदरगावाचे फोटो बघितल्यापासून ते नाव डोक्यातून जात नाहीये. पण प्रत्येक फोटोत जिनेच जिने! आईला घेऊन तिथे जाणं शहाणपणाचं आहे का? दुसरं काही सुचत असेल तर तेही सांगा. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाकावा.

खारेवारे

ओनोमिचीला माझं मत. मी सायकलसाठी गेलो होतो. शिमानामी काइदो तिथूनच सुरू होतो. साधारण ७० किलोमीटरचा रस्ता बेटाबेटांवरून, पुलांवरून शिकोकू बेटावरच्या इमाबारीपर्यंत जातो. रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली आहे, ती धरून चालवत राहायचं, नकाशा काढायची गरजच पडत नाही. पुलांवर चढणारे सायकलचे रस्ते वळणावळणाने, अगदी सौम्य चढाचे केलेत.

आईंना हे जमणार नाही, पण तुम्ही एक सकाळ काढून जरूर जा. भाड्याने बॅटरीवाली सायकल मिळते. मात्र ती बहुतेक वेळा जिथून घेतली तिथेच परत द्यावी लागते, हे आधी विचारून घ्या.

तांबडफुटी

जरा वेगळं मत मांडतो. ओनोमिची हे उतारावर वसलेलं गाव आहे. डोंगरावरच्या घरांपर्यंत गाडी जात नाही, तिथली माणसं सामानसुद्धा हातांनी वर नेतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथे नेऊन खाली बसवून ठेवायचं आणि आपण वर जायचं, यात काय मजा?

त्यापेक्षा तोमोनोउरा बघा. फुकुयामा स्टेशनवरून बसने अर्धा तास. जुनं बंदर आहे, धक्क्यावर १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ उभा आहे, गल्ल्या बऱ्यापैकी सपाट आहेत. फुकुझेनजी देवळाच्या बैठकीत चटईवर बसलं की समोरच्या उघड्या चौकटीतून बेटं दिसतात. तिथे बसायला पायऱ्याही फार नाहीत. गर्दी तर ओनोमिचीपेक्षाही कमी.

उंबरठा

नोकरीनिमित्त बरीच वर्षं फुकुयामाला राहतोय. ओनोमिची लोकलने वीस मिनिटांवर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात. जरा सविस्तर लिहितो.

तांबडफुटी म्हणतात ते तोमोनोउराबद्दल शंभर टक्के खरं आहे. एक दुपार तिथे जरूर काढा. पण मुक्काम ओनोमिचीलाच करा, कारण तोमोनोउराला संध्याकाळनंतर करण्यासारखं फारसं काही राहत नाही, आणि ओनोमिची खरं उलगडतं ते सकाळी आणि संध्याकाळीच. बहुतेक लोक अकराच्या सुमारास उतरतात, रोपवेने वर जातात, मांजरांचे फोटो काढतात, रामेन (सूपमधल्या नूडल्स) खातात आणि चारच्या गाडीने हिरोशिमाला जातात. नाहीतर सायकल घेऊन थेट पलीकडे. दोघांनाही शहर भेटत नाही.

आता जिन्यांचं बघू. फोटोत जे दिसतं ते अर्धं शहर. उरलेलं अर्धं पूर्ण सपाट आहे, आणि माझ्या मते तेच जास्त जिवंत आहे. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर समुद्र. म्हणजे रस्ता ओलांडला, हिरवळ ओलांडली की पाणीच. खरं तर ही एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. पलीकडे मुकाइशिमा बेट इतकं जवळ की तिथल्या जहाज दुरुस्तीच्या गोदीतली माणसं दिसतात. स्टेशनपासून पूर्वेला एक छत घातलेली बाजारपेठ निघते, किलोमीटरभराहून लांब. ऊन असो, पाऊस असो, आईंना तिथे आरामात चालता येईल. त्यात जुनी सुक्या मासळीची दुकानं आहेत, कॅनव्हासच्या पिशव्यांची आहेत. पूर्वी इथे जहाजांच्या शिडांचं कापड विणायचे, त्या कापडाच्या या पिशव्या.

एवढ्याशा गावात इतकी देवळं कशी, हा प्रश्न आईंना पडेलच. ११६९ साली हे बंदर सुरू झालं ते आतल्या मुलखातल्या जहागिरीचा तांदूळ जहाजावर चढवायला. पुढे एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) उत्तरेच्या होक्काइदोकडून हेरिंग मासळी आणि कोंबू (खायचं समुद्री शेवाळ) घेऊन येणारी जहाजं इथे थांबायला लागली. व्यापारी गबर झाले आणि त्यांनी देवळांना सढळ हाताने दिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून शहर वाचलं, म्हणून हे सगळं अजून जागेवर आहे.

आता वर जायचं कसं. सेनकोजी देवळाच्या डोंगरावर रोपवे जातो, तीन मिनिटांत वर. किंवा टॅक्सी करा, मागच्या बाजूने सेनकोजी पार्कपर्यंत गाडीरस्ता आहे. वर निरीक्षण गच्ची आहे, शेजारी शहराचं कलासंग्रहालय आहे, त्याची २००३ची नवी इमारत प्रसिद्ध वास्तुविशारद तादाओ आंदोंची. तिथवर आईंना काहीच त्रास नाही. सेनकोजीचं लाल मुख्य देऊळ मात्र तिथून थोडं खाली आहे आणि वाटेत पायऱ्या आहेत. सावकाश, कठडा धरून उतरता येतील. उतरल्यावर परत वर चढायचं की तसंच खाली जायचं हे त्यांच्या गुडघ्यांना विचारूनच ठरवा. नाही जमलं तरी गच्चीवरून जे दिसतं तेच या गावाचं सगळ्यात मोठं दर्शन आहे: खाली कौलं, कौलांमधून डोकं काढणारा पॅगोडा, मग पाण्याची पट्टी, मग बेटांमागे बेटं.

तो पॅगोडा तेन्नेइजी देवळाचा. १३८८ साली बांधला तेव्हा पाच मजली होता. वरचे दोन मजले मोडकळीस आले, म्हणून १६९२ साली काढून टाकले आणि तीन मजल्यांवर छत बसवलं. जरा नीट बघितलंत तर लक्षात येईल, इतर तीन मजली पॅगोड्यांच्या मानाने हा अंगाने भरदार आहे.

परतताना रोपवेच्या खालच्या थांब्याला लागूनच उशितोरा जिंजा आहे. हे गावातलं फार जुनं शिंतो देवस्थान. रोपवेचा डबा त्याच्या अगदी डोक्यावरून जातो. अंगणात कापराचे प्रचंड वृक्ष आहेत, शेकडो वर्षांचे. खोडाला जाड दोर बांधलेला, मुळं दगडी कठड्यावर पसरलेली. आईंना तिथे अर्धा तास बसवा. मला स्वतःला सगळ्या देवळांपेक्षा ही जागा जास्त आवडते.

पाऊलवाट

उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग प्रश्न कसला, बुक कर की!" वाचनखूणही साठवली.

काही शंका:
समोरच्या बेटावर होडीने जाता येतं म्हणतात, त्यात काही विशेष आहे का?
राहायला वरती डोंगरावर की खाली?
आणि जेवणाचं काय करायचं? ही खरी काळजी आहे.

उंबरठा

आधी राहण्याचं. खाली, पाण्याजवळ. वरती रिकामी पडलेली जुनी घरं दुरुस्त करून त्यांत गेस्टहाउस काढलीत, सुरेख आहेत. गावातल्याच एका संस्थेने हे काम मनापासून केलंय. एकट्या माणसाला मी तेच सुचवेन. पण तुम्ही बॅगा आणि आई दोन्ही घेऊन त्या जिन्यांवर जाऊ नका. स्टेशनजवळच्या धक्क्यावर एका जुन्या गोदामात सायकलस्वारांसाठी हॉटेल केलंय. त्याशिवायही समोर पाणी दिसेल अशी साधी हॉटेलं आहेत. खोली घेताना समुद्राकडची मागा, थोडे पैसे जास्त पडले तरी.

आता होडी. त्यात विशेष असं काहीच नाही, आणि तरी ते मी सगळ्यांना सांगतो. ही सपाट बुडाची फेरी. गाड्या, सायकली, माणसं सगळे एकाच डेकवर. धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी खरवडत खाली पडते, माणसं उतरतात, दुसरी चढतात, आणि निघाली. तिकीट अगदी किरकोळ, बोटीवरचा माणूस सुटे हातात घेतो. पाच मिनिटांत पलीकडे. सकाळी साडेसातच्या सुमारास गेलात तर शाळेची मुलं गणवेशात, सायकली धरून उभी असतात. बहुतेक जण उभेच असतात, कारण बसून स्थिरस्थावर होईपर्यंत पलीकडचा किनारा येतो. आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही. मला विचाराल तर या शहराचा गाभा देवळं नव्हेत, हे पाणी आहे. लोक रोज ते ओलांडून कामाला जातात, बाजाराला येतात.

पूर्वी असे तीन फेरीमार्ग होते. त्यातला एक मार्च २०२५च्या अखेरीस बंद झाला. पुलामुळे प्रवासी घटलेत. म्हणूनही म्हणतो, जा आणि बसा.

जेवणाबद्दल मी बोलणं बरोबर नाही, मी मासे खातो. मेतकूट, ऐकताय ना?

मेतकूट

ऐकतेय! आम्ही सगळे शाकाहारी. ओनोमिचीसमोरच्या सेतो समुद्राच्या त्या पट्ट्यात बऱ्यापैकी फिरलोय.

पाऊलवाट, स्पष्ट लिहिते. ओनोमिचीची प्रसिद्ध डिश म्हणजे रामेन. त्यावर डुकराच्या चरबीचे गोळे तरंगतात आणि खालचं पाणीही मासळीचं. त्या रांगांकडे ढुंकूनही बघू नका. ओकोनोमियाकी (कोबी घातलेलं जाड धिरडं) मांस न घालता करून देतील, पण पिठात आणि सॉसमध्ये काय आहे ते विचारावं लागतं. शिवाय अंडं असतंच, म्हणजे आईंना चालणार नाही.

खरा अडसर "दाशी"चा. सुक्या माशाचा अर्क असतो तो, आणि तो सूपमध्ये, भाज्यांत, सोबा नूडल्सच्या बुडवणीत, तोफूवरच्या रसात, सगळीकडे असतो. "मांस नको" एवढं सांगितलं की जपानी माणूस मनापासून मांस काढतो आणि मासळीच्या पाण्यात शिजवलेली भाजी वाढतो. त्याचा काही दोष नाही. म्हणून फोनवर जपानीत लिहून ठेवा: मांस, मासे, अंडं, माशाची दाशी, यातलं काहीच खात नाही. तोंडाने सांगायचं तर "निकु मो, साकाना मो, तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु." लेखी दाखवलेलं जास्त उपयोगी पडतं.

आता आम्ही काय करतो ते. मुक्कामाच्या ठिकाणी किटली असतेच. घरून कोरडं सामान नेतो: गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा, मेतकूट, सुकी चटणी, भाजणीच्या चकल्या. मांस असलेलं काहीही जपानमध्ये नेता येत नाही आणि ताज्या फळभाज्याही घरून न्यायच्या नाहीत. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही. तिकडच्या सुपरमार्केटमधून साधा शिजवलेला भात, दही, काकडी, टोमॅटो, तोफू, केळी, भाजलेली रताळी. भातावर दही आणि मेतकूट घेतलं की आईंचा जीव शांत होईल, खात्रीने सांगते.

बाहेर खायची हौस गोडावर भागवा. इन्नोशिमा बेटाची हास्साकु नावाची जात आहे, मोसंबीच्या कुळातली, किंचित कडसर. तिच्या फोडी पांढऱ्या पुरणात घालून वरून तांदळाच्या मऊ पारीत गुंडाळतात. हास्साकु दाइफुकु. आंबट, गोड, कडू तिन्ही एका घासात. आमच्या घरी अजून त्याची आठवण निघते. लेमन केक दिसेल जिकडेतिकडे, पण त्यात अंडं असतं.

एक वेळचं नीट गरम जेवण हवंच असेल तर ते हिरोशिमात किंवा फुकुयामात भारतीय हॉटेलात करा. लहान गावात शाकाहारी जेवणाच्या शोधात दोन तास घालवू नका, संध्याकाळ वाया जाते. आणि दुकानं लवकर बंद होतात, साडेसातनंतर ताटकळत राहू नका.

तांबडफुटी

होडी आणि सपाट बाजारपेठ वाचून माझं मत बदललं. मी दोन्ही वेळा थेट डोंगर चढलो होतो, खालचं गाव बघितलंच नाही. पाऊलवाट, ओनोमिचीलाच राहा, तोमोनोउरा अर्ध्या दिवसात करा.

गवती चहा

गाड्यांचं लिहायचं राहिलंय म्हणून.

नोझोमी शिनकान्सेन, म्हणजे सगळ्यात जलद बुलेट ट्रेन, ओनोमिचीला थांबत नाही. शिन-ओनोमिची नावाचं स्टेशन आहे, पण तिथे फक्त कोदामा, म्हणजे प्रत्येक स्टेशन घेणारी शिनकान्सेन, थांबते आणि ते समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत आहे. तिथून बस लागते. त्यापेक्षा शिन-ओसाकाहून नोझोमीने फुकुयामा, तासाभराचा प्रवास, आणि तिथून सान्यो लाइनची लोकल. पुढे हिरोशिमाला लोकलने दीड तास लागतो. परत फुकुयामाला येऊन शिनकान्सेन धरलीत तरी चालेल.

संपूर्ण जपानचा रेल्वे पास तुम्हाला परवडणार नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तुमच्या मार्गाला जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा कान्साई-हिरोशिमा पास चपखल बसतो, पाच सलग दिवसांचा. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीसुद्धा चालते, ओनोमिचीची लोकलही, आणि हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआरची फेरीही. फक्त क्योतो ते शिन-ओसाका शिनकान्सेनने जाऊ नका, तो टप्पा यात नाही. साध्या जलद गाडीने या.

मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलातूनच हिरोशिमाच्या हॉटेलवर पाठवा. ताक्क्युबिन म्हणतात त्या सेवेला. रिसेप्शनवर फॉर्म भरायचा, साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचतं. ओनोमिचीला एकेक पाठपिशवी घेऊन उतरा, आईंचे हात मोकळे राहतील.

उंबरठा

वा, गवती चहा, नेमकं लिहिलंत. एक भर घालतो, कारण तुमच्याकडे पूर्ण दिवस आहेत असं दिसतंय.

ओनोमिचीच्या धक्क्यावरून सेतोदाला बोट जाते, साधारण चाळीस मिनिटं. सेतोदा म्हणजे इकुचिजिमा बेट, जपानमधल्या लिंबांचं माहेर. तिथे कोसानजी देऊळ आहे. एका उद्योगपतीने आई गेल्यावर तिच्या आठवणीसाठी १९३६ पासून ते बांधायला घेतलं आणि स्वतः भिक्षू झाला. देशभरातल्या नावाजलेल्या देवळांच्या धर्तीवर एकेक इमारत उभी केली. निक्को गावातल्या देवस्थानाचा तो प्रसिद्ध नक्षीदार दरवाजासुद्धा. काही लोकांना हे भडक वाटतं. मला नाही वाटत. आईसाठी मुलगा काय काय करू शकतो ते बघायला मिळतं, आणि तुम्ही आईसोबत जाताय. मागच्या टेकडीवर इटालियन संगमरवराची पांढरी शुभ्र शिल्पबाग आहे. ती चढावर आहे आणि उन्हात डोळे दिपतात, गॉगल घ्या.

शेजारीच इकुओ हिरायामांचं संग्रहालय. हे चित्रकार सेतोदाचेच, १९३०चा जन्म. शाळकरी वयात हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचले. पुढे आयुष्यभर बुद्धाच्या वाटेने रेशीममार्गावर फिरत चित्रं काढली, भारतातही आले. उंटांच्या तांड्यांची मोठमोठी निळी-सोनेरी चित्रं आहेत. बसायला बाकं आहेत, पायऱ्यांचा जाच नाही. हिरोशिमाचं शांती संग्रहालय बघण्याआधी हे बघितलंत तर बरं, असं मला वाटतं. तिथून निघालेल्या एका माणसाने पुढे काय केलं ते मनात घेऊन जाल.

बोटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. परतीची वेळ उतरल्याउतरल्या फलकावरून टिपून घ्या. शेवटची चुकली तर बसने पुलांवरून फिरून यावं लागतं.

खारेवारे म्हणाले ती सायकलही इथेच बसवता येईल. तुम्ही ओनोमिचीहून निघा. पहिल्या पुलाऐवजी फेरीने मुकाइशिमाला जा, सगळे तसंच करतात. मग इन्नोशिमावरून सेतोदा, जवळपास तीस किलोमीटर. इन्नोशिमाच्या पुलावर सायकलचा रस्ता गाड्यांच्या खालून जातो, डोक्यावर ट्रक धडधडतात आणि दोन्ही बाजूंना जाळीतून समुद्र दिसतो. सायकल बोटीवर घालून परत येता येतं. पण आई मग एकट्या बोटीने येणार का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पाऊलवाट

आई म्हणतेय, "मी बोटीने एकटी येईन, त्यात काय एवढं! मुंबईत आयुष्यभर लोकलने गेले." पण मी सायकल सोडून तिच्यासोबतच बोटीने जाईन असं वाटतंय. ते देऊळ तिच्याबरोबरच बघायचंय.

तर ठरलं असं: क्योतोहून बॅगा पुढे पाठवायच्या, फुकुयामामार्गे ओनोमिची, पाण्याकडची खोली. पहिल्या दिवशी फक्त धक्का, बाजारपेठ आणि फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने वर, रोपवेने खाली, कापराची झाडं. मग सेतोदा. निघताना तोमोनोउरा.

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शेवटची शंका. मेमध्ये पाऊस? आणि आठवड्यातला कुठला वार टाळायचा?

उंबरठा

बेत उत्तम. मेच्या मध्यावर हवा सुरेख असते. गोल्डन वीकची (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्यांची) गर्दी ओसरलेली असते आणि जूनचा पाऊस अजून दूर असतो. तसाही हा भाग दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या आडोशाला असल्याने इथे पाऊस जपानच्या मानाने कमीच. समुद्रावरून संध्याकाळी गार वारा येतो, आईंसाठी एक पातळ स्वेटर असू द्या.

लहान दुकानं आणि कॅफे आठवड्याच्या मधल्या दिवसांत बंद असतात, बुधवार-गुरुवार विशेषतः. संग्रहालयांची सुट्टी बऱ्याच ठिकाणी सोमवारी. त्यामुळे शुक्रवारी पोहोचलात तर सगळं उघडं मिळेल, फक्त शनिवारी रोपवेला गर्दी असते. पहिला डबा नऊला सुटतो. साडेआठला टॅक्सीने वर गेलात तर गच्ची जवळपास तुमचीच. दहाच्या आत रोपवेने खाली उतरा, त्या वेळी रांग वर यायला असते, खाली जायला नाही.

तारखा नक्की झाल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या आठवड्यात फुकुयामातच असलो तर स्टेशनवर येऊन लोकलच्या फलाटापर्यंत पोहोचवतो. शिनकान्सेनकडून तिकडे जाताना लिफ्ट कुठे आहे ते पहिल्यांदा येणाऱ्याला सापडत नाही.